बेचाळीस संहिता

[भरत नाट्य मंदिराचं आवार. पाऊस नुकताच थांबलाय. टेम्पोतून सामान उतरतंय.]

पुणे, सदाशिव पेठ. पावसाळ्यातली एक संध्याकाळ. दोन बाकं, एक खाट, सुतळीनं बांधलेला बांबूंचा भारा, पत्र्याची जुनी ट्रंक. एवढ्याच सामानातून थोड्या वेळानं आत रंगमंचावर कुणाचं तरी घर उभं राहणार आहे, आणि पडदा पडला की ते पुन्हा ह्याच टेम्पोत बसून परत जाणार आहे.

विंगेत उभी असलेली मुलगी हलक्या आवाजात म्हणते, "दादा, ते शेवटचं वाक्य अजून तोंडात बसत नाहीये गं... सॉरी, रे."

दादा असेल एकवीस वर्षांचा. एकांकिका त्यानंच लिहिली आहे. तो क्षणभर हातातल्या कागदांकडे बघतो. "मग म्हणूच नकोस. नुसती बघ त्याच्याकडे."

महिनाभर जपलेलं वाक्य गेलं. लिहिणं म्हणजे काय, ते ह्या मुलाला बहुधा आज कळलंय.

[तिसरी घंटा. अंधार.]

पुरुषोत्तम करंडक. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था 1963 पासून ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घेते आहे. पुण्यात नुसतं 'पुरुषोत्तम' म्हटलं तरी पुरतं. "तू पुरुषोत्तम केलंयस का?" ह्या प्रश्नावर अनोळखी माणसांची इथे तासभर गप्पांची बैठक जमते, मग एक जण सत्तरीचा असो आणि दुसरा विशीचा.

प्राथमिक फेरीत एकावन्न महाविद्यालयं उतरतात. रोज संध्याकाळी साधारण तीन एकांकिका, असं दोन-अडीच आठवडे चालतं. त्यातून अंतिम फेरीत जातात नऊ. आणि पहिल्या येणाऱ्या संघाच्या हाती तो करंडक.

त्या नऊ जणांबद्दल दर वर्षी छापून येतं, त्यांचे फोटो येतात, आणि यावेतही. ही फिल्म मात्र उरलेल्या बेचाळीसांची आहे.

[तालीम. महाविद्यालयाचं पार्किंग. दुचाकींच्या मधल्या मोकळ्या जागेत खडूनं आखलेला रंगमंच.]

तयारी सुरू होते ती पावसाच्या आसपास. हॉल मिळाला तर हॉल, नाहीतर पार्किंग, नाहीतर कुणाच्या तरी इमारतीची गच्ची. पलीकडच्या मैदानावर गणपतीसाठी ढोल-ताशा पथकांचा सराव चालू असतो, त्या आवाजावर मात करून संवाद म्हणायचे. पुण्यातल्या नटांचा आवाज कमावला जातो तो असा.

पण त्याही आधी एक अवघड काळ असतो, विषय शोधण्याचा. दहा-बारा मुलं कट्ट्यावर बसतात. कुणाला आजोबांचा विसरभोळेपणा आठवतो, कुणाला गावाकडची विहीर, कुणाला वसतिगृहातला शेजारी. कुणीतरी एक जण म्हणतो, "मी लिहून बघतो." आपल्याकडे नाटककार तयार होतो तो बऱ्याचदा ह्या तीन शब्दांपासून. त्याला कुणी नेमलेलं नसतं. बाकीच्यांनी नुसतं त्याच्याकडे वळून बघितलेलं असतं.

[संहितेचं पान, जवळून. खाडाखोड. समासात पेन्सिलीनं प्रकाशाच्या खुणा.]

ह्या स्पर्धेची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. इथे तोलली जाते ती संहिता, आणि तिच्याबरोबर दिग्दर्शन आणि अभिनय. नेपथ्य डोळे दिपवणारं असलं, प्रकाशयोजना देखणी असली, तरी त्याचे गुण नाहीत. नाच, गाणी, चित्रं, वाद्यं असा सगळा मेळ घालायचा असेल तर पुण्यात फिरोदिया करंडक आहेच. पुरुषोत्तमला मात्र खाट ही खाटच असली पाहिजे असं नाही. तुमच्या लिहिण्यात बळ असेल तर बाकसुद्धा रेल्वेचा डबा होतो, आणि नसेल तर खरा डबा आणून ठेवलात तरी तो हलत नाही.

म्हणून खिशात पैसे नसलेल्या महाविद्यालयालाही इथे उभं राहता येतं. पहिल्या क्रमांकाला पुरुषोत्तम करंडक, दुसऱ्याला हरी विनायक करंडक, तिसऱ्याला संजीव करंडक. ह्या तिन्हींपेक्षा मला जवळचा वाटतो तो जयराम हर्डीकर करंडक. तो प्रायोगिक एकांकिकेसाठी असतो. वेगळं काही करून बघणाऱ्याची स्पर्धेनं राखून ठेवलेली ही जागा आहे.

[प्रेक्षागृह. खच्चून भरलेलं. मागून घोषणा.]

"अरे आव्वाज कुणाचा?"

ही घोषणा पुण्याबाहेरच्यांना भांडणासारखी वाटते. पण अंधार झाला की हेच प्रेक्षक एकदम गप्प होतात. समोरच्या महाविद्यालयाची एकांकिका चांगली असेल तर टाळी तिलाही मिळते, आणि वाईट असेल तर लपवत नाहीत. खुर्च्या करकरायला लागतात, मागे खोकला सुरू होतो. विंगेत उभ्या असलेल्या लेखकाला नेमकं कुठल्या पानावर आपण प्रेक्षक गमावला ते कळतं. हे शिक्षण कुठल्याही वर्गात मिळत नाही. त्यासाठी अनोळखी माणसांनी भरलेलं नाट्यगृह लागतं आणि स्वतःचे शब्द लागतात.

[जुनी कृष्णधवल छायाचित्रं. पुण्यातला रंगमंच, साठ-सत्तरचं दशक.]

एकांकिका ही मोठ्या नाटकाची धाकटी बहीण, असं म्हणायची सवय आहे. मला ते पटत नाही. नाटककार सतीश आळेकर मुळात विज्ञानाचे विद्यार्थी. 1969 साली त्यांनी 'झुलता पूल' लिहिली आणि बसवली, ती एकांकिका होती. पुढे पाचच वर्षांनी, 1974 साली, त्यांचं 'महानिर्वाण' हे नाटक आलं. त्या पाच वर्षांत त्यांच्याभोवती लिहून बघू देणारे, करून बघू देणारे मित्र होते. त्याच मंडळींनी 1973 साली थिएटर अकादमी ही नाट्यसंस्था उभी केली.

मिळालेली ही मोकळीक आळेकर विसरले नाहीत. 1985 ते 1994 ह्या काळात थिएटर अकादमीनं नाटककारांसाठी एक योजना चालवली, तिची कल्पना त्यांची होती. फोर्ड फाउंडेशननं तिला पैसा पुरवला. नव्या लेखकाला पैसा लागतो, वेळ लागतो आणि त्याचं लिखाण गांभीर्यानं वाचणारी माणसं लागतात, हे कुणीतरी ओळखून त्याची व्यवस्था लावली होती. अशी व्यवस्था आपल्याकडे फार थोड्यांनी लावली.

[वर्तमानपत्रांची कात्रणं.]

2022 साली परीक्षकांनी पुरुषोत्तम करंडक कुणालाच द्यायचा नाही असं ठरवलं. दर्जा पुरेसा नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. गावभर चर्चा झाली. मुलांवर अन्याय झाला असं म्हणणारे होते, बरं झालं म्हणणारेही होते.

परीक्षकांचा तो अधिकार मला मान्य आहे. पण त्या चर्चेत करंडकाबद्दल जेवढं बोललं गेलं, तेवढं संहितांबद्दल बोललं गेलं असतं तर बरं झालं असतं. कुठे अडतंय? मुलं कमी वाचतायत, की त्यांनी लिहिलेलं वाचायला कुणाला वेळ नाही? पहिला खर्डा हातात घेऊन "हे पात्र इथे का बोलतंय?" असं विचारणारा एक थोरला माणूस प्रत्येक महाविद्यालयात असतो का? जिथे असतो तिथली एकांकिका पहिल्या पाच मिनिटांत ओळखू येते. विचारलं की कळतं, एखादे माजी विद्यार्थी नोकरीवरून सुटल्यावर रोज तालमीला येऊन बसत होते. विनामोबदला. चहा मात्र मुलांनी पाजलेला.

[रात्र. आवार. प्राथमिक फेरीचा निकाल. गर्दीच्या पाठी दिसतात.]

शेवटच्या दिवशी अंतिम फेरीतल्या नऊ नावांची घोषणा होते. प्रत्येक नावाला एक आरोळी उठते, मग पुढच्या नावासाठी सगळं आवार श्वास रोखतं. आठवं नाव. नववं नाव. मग एक कोपरा नाचत असतो आणि बाकीचं आवार हळूहळू रिकामं व्हायला लागतं.

बेचाळीस संहितांचं पुढे काय होतं? काही इतर स्पर्धांना जातात. एखादीचं दोन अंकी नाटक होतं. बऱ्याचशा त्या रात्रीच संपतात. त्यांची मूळ प्रत कुणाच्या तरी फोनमध्ये असते, फोन बदलला की जाते. साठ वर्षांत पुण्याच्या ह्या एका रंगमंचावर विशीतल्या मुलांनी जे लिहिलं, त्यात त्या त्या काळाची भाषा आहे, भीती आहे, घरातली भांडणं आहेत. प्रत्येक महाविद्यालयानं आपल्या ग्रंथालयात एक कप्पा ह्यासाठी ठेवावा. फक्त एक कप्पा. हरलेल्या एकांकिकांसकट.

[टेम्पो. बाकं, खाट, ट्रंक पुन्हा चढतायत.]

त्या मुलाच्या संघाचं नाव आलेलं नाही. ट्रंक वर चढवताना त्याला मागून हाक येते. तीच मुलगी. तिच्या हातात प्रॉम्प्टिंगची प्रत आहे, कडा दुमडलेली, पावसानं थोडी फुगलेली. शेवटच्या पानावर त्यानं गाळलेलं वाक्य पेन्सिलीनं खोडलंय, आणि त्याच्याखाली तिनं लिहून ठेवलंय, "इथे बघायचं."

तो ती प्रत शर्टाच्या आत घालतो. पाऊस पुन्हा सुरू झालाय.