शेऱ्याने वजन उतरत नाही

फेब्रुवारी २०१७. मुंबई महापालिकेच्या मतदानाचा दिवस. ट्विटरवर एक फोटो फिरू लागला. खाकी गणवेशातला, अतिशय स्थूल असा एक पोलीस. लेखिका शोभा डे यांनी तो टाकला होता, सोबत मुंबईतल्या ‘जड’ बंदोबस्तावर कोटी. मुंबई पोलिसांनी सुनावलं, की हा अधिकारी आमचा नाही, आणि ही कोटीही अस्थानी आहे.

ते होते मध्य प्रदेश पोलिसांतले एक निरीक्षक. वजन १८० किलो. १९९३ साली पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर वजन वाढत गेलं, जास्त खाण्यामुळे नव्हे, असं त्यांनी सांगितलं. फोटो पाहून हसलेल्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. पुढे मुंबईतच त्यांच्यावर मोफत शस्त्रक्रिया झाली, वजन बरंच उतरलं. मग लोक म्हणू लागले, बघा, बोलल्याचा फायदाच झाला ना!

मला हे पटत नाही. फायदा झाला तो उपचारांचा. एका माणसाला शल्यविशारदापर्यंत पोहोचण्यासाठी आधी देशभर हसं करून घ्यावं लागत असेल, तर त्यात आपल्याला मिरवण्यासारखं काय आहे?

काळजी मात्र खरी आहे, आणि ती झाकून ठेवून चालणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या २४ टक्के स्त्रिया आणि जवळपास २३ टक्के पुरुष उंचीच्या मानाने जादा वजनाचे निघाले. २०२३ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासाने देशात १० कोटींवर मधुमेही असल्याचा अंदाज दिला. हृदयविकार, रक्तदाब, गुडघेदुखी, फॅटी लिव्हर, या सगळ्याशी चरबीचा संबंध आहे. ‘जसे आहात तसे छान आहात’ एवढं म्हणून साखर खाली येत नाही.

प्रश्न आहे तो नुसत्या नजरेने काय कळतं, हा. त्यासाठी पुण्याला जाऊ.

एका फोटोत दोन पुरुष शेजारी शेजारी उभे आहेत. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन. हा फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा: २२.३. दोघेही सडपातळच म्हणायचे. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दुपटीहून जास्त! आणि वरून पाहणाऱ्याला त्याचा पत्ताही लागणार नाही.

याज्ञिकांच्या चमूने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंही मोजली. वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोंची. आपली बाळं हातापायांनी, स्नायूंनी बारीक होती, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी जवळपास तेवढीच. आईच्या पोटात असल्यापासूनची ही ठेवण. या ठेवणीचा दोष त्या बाळाला द्यायचा, की पुढे तिशीत पोट सुटलेल्या त्याच माणसाला?

आता एखाद्या मंगल कार्यालयात चला. पंगत बसायची आहे. ‘अगं, किती सुटलीस!’ ‘लग्न मानवलेलं दिसतंय हो.’ ‘मी आपली काळजीपोटी सांगतेय.’ ऐकणारी कसनुसं हसते, पदर सारखा करते, आणि ताटात जिलेबी घेताना इकडेतिकडे बघते. तिचा थायरॉइड, तिचं पीसीओएस (बीजकोशांचा, संप्रेरकांशी जोडलेला विकार), चालू असलेली औषधं, यातलं काही मावशींनी विचारलेलं नसतं. त्यांच्या शेजारी बसलेल्या किडकिडीत काकांची साखर वाढलेली असू शकते. त्यांना मात्र आग्रहाने आणखी दोन वाढल्या जातात.

आणि टोचून बोलल्याने माणूस सुधारतो म्हणावं, तर तसंही दिसत नाही. इंग्लंडमध्ये पन्नाशी ओलांडलेल्या जवळपास ३००० जणांचा चार वर्षं मागोवा घेतला गेला. वजनावरून ज्यांना वाईट वागणूक मिळाली होती, त्यांचं वजन सरासरी एक किलोभर वाढलं. इतरांचं थोडं कमी झालं. याचं मला नवल वाटत नाही. ज्याला लोक हसतात, तो मैदानावर पळायला जाईल कसा? डॉक्टरकडेही तो उशिराच जातो, कारण दुखतो घसा आणि ऐकावं लागतं पोटाबद्दल.

मग सार्वजनिक आरोग्याची काळजी दिसते कुठे? २०२५ मध्ये सीबीएसईने शाळांना ‘शुगर बोर्ड’, म्हणजे कशात किती साखर आहे ते दाखवणारे फलक, लावायला सांगितलं. कोलाच्या ३०० मिलीच्या बाटलीत साधारण ३२ ग्रॅम साखर, म्हणजे आठ चमचे. हे मुलाला कळतं, आणि वर्गातल्या कोणत्याही जाड मुलाकडे बोट जात नाही. मेक्सिकोने २०१४ पासून गोड पेयांवर कर लावला. चिलीने २०१६ पासून पाकिटांवर काळे इशारे छापायला लावले. आपल्याकडे दहा रुपयांत वेफर्सचं पाकीट मिळतं, पण तेवढ्यात धड एक फळ मिळत नाही. फुटपाथवर गाड्या उभ्या असतात, शाळेच्या मैदानावर मांडव पडतो. खरं बोलायचं तर यावर बोला, आणि नगरसेवकाशी बोला.

घरच्या माणसाची खरंच काळजी असेल, तर आणखी एक गोष्ट करता येते. शिंप्याकडची टेप घ्या आणि आधी स्वतःपासून सुरुवात करा. श्वास सोडून, खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर माप घ्या. भारतीय पुरुषासाठी ९० सेंटिमीटर, स्त्रीसाठी ८०. त्यापुढे आकडा गेला, तर रक्तातली साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. आणि घरात मधुमेह असेल, तर अंगाने कितीही बारीक असलात तरी तपासून घ्या.