माती जे खात नाही

[दृश्य: सिंधुदुर्गातलं एक परसू. मे महिन्यातली सकाळ. माडाचं आळं उकरणारा टिकाव.]

मे महिना सरत आला की आमच्याकडे माडांची आळी उकरायला घेतात. पहिला पाऊस पडायच्या आत मुळांभोवतीची माती मोकळी व्हायला हवी, आळ्यात खत आणि पातेरा, म्हणजे सुकी पानं, पडायला हवीत. एका वर्षी तिसऱ्याच आळ्यात टिकावाला काहीतरी खटकन लागलं. काकीनं वाकून उचललं. रिमोटमधला पेन्सिल सेल होता. वरचं वेष्टन कधीच गेलेलं, पत्र्याला गंजाचे पोपडे, आणि एका टोकाला मिठासारखी पांढरी पूड साचलेली. त्याच आळ्यात गेल्या पावसाळ्यात बांगड्यांची डोकी पुरली होती. त्यांचा मागमूस नव्हता. काळी भुसभुशीत माती आणि गांडुळं, एवढंच.

काकीनं सेल बोटांत फिरवून पाहिला आणि म्हणाली, "झिला, माती सगळा खाता. ह्या मात्र ती खाणा नाय."

तो सेल तिनं धुतला नाही, फेकलाही नाही. पडवीच्या कोनाड्यात ठेवला. आम्ही कॅमेरा हातात घेतला तो त्या दिवशी.

[दृश्य: घरामागची रिकामी गायरी. कडेला वाढलेलं रान.]

काकी लग्न होऊन या घरात आली तेव्हा गोठ्यात चार गुरं होती. घरामागे ही गायरी, म्हणजे शेणखताची जागा. शेण, गुरांच्या पायांखालचं गवत, चुलीतली राख, भाजीचे देठ, फणसाची चारखंडं, सगळं इथे यायचं. मोरीचं पाणी थेट केळीला आणि अळवाला. नारळाची सोडणं चुलीत, नाहीतर माडाच्याच आळ्यात, ओल धरून ठेवायला. माडाच्या चुडतांचे, म्हणजे झावळ्यांचे, झाप विणायचे, हीर काढून केरसुणी बांधायची. घरातून बाहेर फेकायचं म्हटलं तर फुटकं कौल आणि फुटका कप, याखेरीज फारसं काही नसायचं.

मग गुरं गेली. गुरांचं करायला माणसं उरली नाहीत, ती मुंबईला. गॅस आला, चूल फक्त आंघोळीच्या पाण्यापुरती राहिली. गायरीत रान वाढलं. स्वयंपाकघरातला ओला कचरा मात्र तेवढाच राहिला, किंबहुना वाढला, आणि तो पिशवीत बांधून व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेला जाऊ लागला. आमच्या घरातूनही गेला, हे इथे सांगायलाच हवं. मिरगाचा पाऊस सुरू झाला की व्हाळ त्या पिशव्या खाडीत नेतो, खाडी समुद्रात, आणि आषाढातल्या उधाणाला समुद्र त्या पुळणीवर परत आणून टाकतो. जुलैत किनाऱ्यावर चालून बघा. चपला, बाटल्या, थर्माकोल, आणि मधूनच एखादी ट्यूबलाइट.

याच जिल्ह्यात वेंगुर्ला शहरानं वेगळं करून दाखवलं. तिथल्या नगरपरिषदेनं कचरा घराघरातून वेगवेगळा करून घेतला, ओल्यातून बायोगॅस काढला, प्लास्टिकचे तुकडे डांबरी रस्त्यांत वापरले. जिथे कचऱ्याचे ढीग होते ती जागा बघायला लोक लांबून येऊ लागले. पण वाडीवर घंटागाडी येत नाही. वाडीला स्वतःची वाट स्वतःच काढावी लागते.

[दृश्य: चिरे रचताना हात. मग पावसाची संततधार.]

आम्ही गायरीच्याच जागी चिऱ्यांची कुंडी रचली. चार फूट लांब, मध्ये आडवी भिंत, म्हणजे दोन खण. दोन चिऱ्यांमध्ये बोटभर फट, हवा खेळायला. तळाला सोडणांचा थर, पाणी निचरायला. पहिला खण भरला की तो झाकून ठेवायचा आणि दुसरा सुरू करायचा.

पहिल्या वर्षी आम्ही हरलो. पुस्तकातली कृती शब्दशः केली होती, पण वर्षाला 3000 मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या मुलखाची ती कृती नव्हती. जुलैत कुंडीचा चिखल झाला. इतका दर्प सुटला की शेजारच्या वहिनी काही न बोलता खिडकी लावून घेत. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

चूक कुठे झाली ते नंतर उमगलं. ओल्या कचऱ्यात नत्र (नायट्रोजन) जास्त, सुक्या पानांत कर्ब (कार्बन) जास्त. कुजवणाऱ्या जिवाणूंना एका वाट्याला नत्र तर पंचवीस-तीस वाटे कर्ब लागतो, आणि हवा लागते. पाणी साचलं की हवा जाते. मग हवेशिवाय जगणारे जिवाणू वाढतात. घाण वास येतो तो त्यांच्यामुळे. म्हणजे भाजीच्या देठांचा काहीच दोष नव्हता. आमच्याकडे सुकी पानं नव्हती. जूनमध्ये कोकणात सुकं पान आणायचं कुठून?

आणि याच पानांचं आपण फेब्रुवारी-मार्चमध्ये काय करतो? जाळतो. आंबा, फणस, काजू, सगळ्यांचा पातेरा झाडून खळ्याच्या कोपऱ्यात काडी लावतो. सकाळी वाडीवर धुराचा पट्टा तरंगत असतो तो याचाच.

पावसाळ्याची बेगमी कोकणाला शिकवावी लागत नाही. सुकी मासळी, मिरच्या, लाकडं, सगळं वेळेवर माळ्यावर चढतं. आता त्या बेगमीत पातेऱ्याची पोती आली. शिमग्यानंतर दर रविवारी एक पोतं दाबून भरायचं. आमच्या पाच माणसांच्या घराला पावसाळाभर बारा-चौदा पोती पुरतात. एक भांडं ओला कचरा टाकला की वर दीड-दोन भांडी पातेरा. कुंडीवर उतरता पत्रा आणि त्यावर झाप, म्हणजे पागोळी आत पडत नाही.

[दृश्य, अगदी जवळून: काकीची मूठ. बोटांच्या फटीतून सुटणारा एक थेंब.]

ओल कशी बघायची? मूठभर घेऊन आवळायचं. एखाद-दुसरा थेंब सुटला तर बरोबर. धार लागली तर पातेरा कमी पडला. चुरा होऊन सुटलं तर पाणी शिंपडा. विरजण म्हणून शेणकाला घालायचा, शेजारी गुरं नसतील तर जुन्या खताची घमेलीभर माती. श्रावणात चपट्या, राखाडी अळ्या दिसतात. घाबरू नका, त्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या. त्या कचरा फार भराभर खातात, आणि ती माशी घरमाशीसारखी ताटावर येऊन बसत नाही.

मासळीचं वेगळं. ती कुंडीत नको, मांजरं आणि मुंगूस उकरतात. आळ्यात हातभर खोल पुरायची आणि वर दगड ठेवायचा. तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, कवचं मात्र कुजत नाहीत, ती कुटून मातीत मिसळली तर चांगली. जांभ्याची माती आंबट, तिला चुना मानवतो.

मिरगाला सुरू केलेला खण दसऱ्याच्या सुमाराला तयार होतो. काळं, रवाळ, पहिल्या पावसाच्या वासाचं. आमच्या लाल मातीतलं सत्त्व पाऊस दरवर्षी धुऊन नेतो. हे खत ते धरून ठेवतं.

[दृश्य: माळा. शिडीवरून वर जाणारा बॅटरीचा झोत.]

आता कोनाड्यातला सेल. आणि माळा.

कोकणातल्या माळ्यावर चढलात तर मुंबईचा तीस वर्षांचा इतिहास सापडेल. मुंबईत नवा टीव्ही आला की जुना गावाला. मिक्सरला आवाज यायला लागला, गावाला. "अजून चालतो, टाकवत नाही," असं म्हणून चाकरमानी प्रेमानंच आणतो. इथे खारी हवा दोन पावसाळ्यांत सर्किटवरचं तांबं हिरवं करते. मेमधल्या गडगडाटात वीज कडाडते आणि राउटर जळतो. मग सगळं माळ्यावर जातं. आम्ही मोजलं तेव्हा दोन डबा टीव्ही, पाच मोबाइल, सात चार्जर, एक इस्त्री, तीन रिमोट आणि कॅसेट प्लेयर निघाला.

22 जुलै 2021 ला चिपळूणमध्ये वाशिष्ठी नदीचं पाणी शिरलं. ओसरल्यावर दारोदार चिखलात फ्रिज, वॉशिंग मशिन, टीव्ही यांचे ढीग लागले होते. ज्यांचा संसार असा रस्त्यावर आला त्यांना त्या वेळी आणखी कसला विचार सुचणार? पण किती यंत्रं आपण या चिंचोळ्या पट्टीत आणून ठेवली आहेत, ते त्या दिवशी डोळ्यांना दिसलं.

जुन्या डबा टीव्हीच्या काचेत शिसं असतं. ट्यूबलाइटमध्ये पारा. मोबाइलच्या लिथियम बॅटरीला भोक पडलं तर ती पेट घेते. भंगारवाला तांब्यासाठी वायर जाळतो, त्या धुरात डायॉक्सिनसारखी विषं असतात आणि ती आधी त्याच्याच छातीत जातात. 2022 साली जगभरात 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा निघाला. त्यातल्या दर शंभर टनांपैकी जेमतेम 22 टन रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे.

इन्व्हर्टरची बॅटरी मात्र कुणाच्याही माळ्यावर दिसत नाही. दुकानदार जुनी घेतो, नवीवर पैसे कमी करतो, म्हणून ती परत जाते. बाकीच्या वस्तूंसाठी कायदा आहे. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार माल बनवणाऱ्या कंपनीवर तो पुनर्वापराला जाईल हे बघण्याची जबाबदारी आहे. चार्जरच्या मागे कचरापेटीवर फुली मारलेलं चित्र असतं, ते याचसाठी. पण संकलन केंद्रं शहरांत आहेत, आणि आमच्या वाडीपासून शहर दूर.

म्हणून काकीनं सरळ उपाय काढला. ज्या वाटेनं आलं त्याच वाटेनं परत.

आधी बाजारातल्या मेकॅनिककडे नेलं. त्यानं इस्त्री आणि एक मोबाइल चालू करून दिला. उरलेलं खोक्यात भरलं. फोनमधली माहिती पुसली, सिम काढलं. सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावली. फुगलेली एक बॅटरी सुक्या वाळूच्या डब्यात वेगळी ठेवली. ट्यूबा त्यांच्याच पुठ्ठ्यात. चुलतभावानं मुंबईतलं नोंदणीकृत केंद्र आधी फोन करून ठरवलं, काय घेतात तेही विचारून घेतलं.

[दृश्य: गौरी-गणपतीचं विसर्जन झाल्यानंतरची सकाळ. खळ्यात उभी गाडी, उघडी डिकी.]

डिकीत नारळाचं पोतं, तांदूळ, कोकमाच्या बरण्या, आणि त्यांच्या शेजारी दोन टीव्ही आणि ते खोकं. काकी कोनाड्यातून गंजलेला सेल घेऊन आली, कागदात गुंडाळला, खोक्याच्या कडेला खोचला.

गाडी सुरू झाल्यावर खिडकीत वाकून म्हणाली, "पोचलंस की फोन कर. आणि खोको गाडयेतच ठेवन फिरा नको."