निळं फूल दिसलं, पण कोणतं?

(दृश्य: अंजनेरीचं पठार, भुरभुर पाऊस)

भाद्रपद लागला की नाशिककरांची पावलं त्र्यंबक रस्त्याला वळतात. अंजनेरीच्या पायऱ्या चढून पठारावर आलं, की कातळातल्या ओलसर खोलगट जागांवर निळसर-जांभळी झाक पसरलेली दिसते. लोक फोटो काढून ग्रुपवर टाकतात, 'हे कोणतं फूल?' खाली उत्तरं येतात, प्रत्येकाचं वेगळं.

रंगावर जाऊ नका. ढगाळ उजेडात हे फूल निळं भासतं, ऊन पडलं की जांभळं, आणि मोबाइल आपला तिसराच रंग दाखवतो. आधी पाकळ्या बघा. दोन मोठ्या निळ्या पाकळ्या आणि बुडाशी होडीच्या आकाराचं पान असेल, तर तो केना. दुपारपर्यंत मिटूनही जाईल. तीन सारख्या पाकळ्या आणि मधे निळ्या केसांचा झुपका दिसला, तर आभाळी किंवा तिची बहीण नभाळी.

पाकळ्या मोजताच येईनात, नुसते दोन ओठ दिसले, तर मात्र खाली बसा.

(दृश्य: फूल अगदी जवळून)

खालचा ओठ पसरट. घशाशी फुगवटा, त्यावर पांढरट डाग. आता बाजूने बघा: फुलाखाली टोकदार शुंडिका, म्हणजे शेपटीसारखी पोकळ नळी, आहे, मध तिच्यात. दांडा दोऱ्याएवढा, उंची वीतभरही नाही. त्यावर पान शोधलंत तरी सापडणार नाही.

ही सीतेची आसवे. पंचवटीच्या गावाला यातली सीता कोण, हे सांगायला नको.

कातळावरच्या चिमूटभर मातीत नत्र जेमतेमच, म्हणून ही नाजूक वनस्पती चक्क शिकार करते. ओल्या मातीत तिच्या टाचणीच्या डोक्याहून लहान पिशव्या असतात. पिशवी आतलं पाणी बाहेर टाकते, आतला दाब उतरतो. तोंडाशी असलेल्या केसांना एखादा सूक्ष्म जीव लागला, की झडप आत उघडते आणि पापणी लवायच्या आत तो पाण्यासकट ओढला जातो. हे बघायला रोप उपटू नका. पिशव्या मातीतच तुटून राहतात, हाती येतो नुसता दांडा. समोरून एक, बाजूने एक आणि बुडाचा एक, एवढे फोटो ओळख पटवायला पुरतात.

कसारा घाट उतरलात, तर भातखाचरांत हिची मोठी बहीण भेटू शकते. ती भाताच्या ताटांना वेढे घेत वर चढते, ओठावर शिरांची जाळी असते. तिचा फोटो मात्र बांधावरूनच, तोही शेतकऱ्याला विचारून.