सापडलेल्या सायकलींचे हरवलेले मालक

[दृश्य: एका मोठ्या गोदामात एकमेकींना टेकवून ठेवलेल्या सायकलींच्या रांगा]

२००८ सालच्या जुलै महिन्यात कॅनडातील टोरोंटो शहराच्या पोलिसांनी जुन्या सायकली विकणाऱ्या एका दुकानदाराला अटक केली. त्याने ठिकठिकाणी घेतलेल्या जागांची झडती घेतली, तेव्हा तिथून २,८०० हून अधिक सायकली बाहेर आल्या. पोलिसांनी त्या एका ठिकाणी मांडल्या आणि ज्यांची सायकल चोरीला गेली आहे त्यांनी येऊन ओळख पटवावी, असे आवाहन केले. लोक मोठ्या संख्येने आले. तरीही बहुतेक सायकलींना मालक मिळाला नाही.

चोरीला गेलेली सायकल परत मिळणे अशक्यच, असे मानून अनेक जण शोध सुरू होण्याआधीच सोडून देतात. प्रत्यक्षात पोलिसांच्या मुद्देमालात बेवारस सायकली साठत राहतात आणि ठरावीक मुदतीनंतर अनेक ठिकाणी त्यांचा लिलाव होतो. सायकल हाती लागलेली असते, पण ती अमुक एका माणसाची आहे हे सिद्ध करणारी गोष्ट कुठेच नोंदलेली नसते. घरातून सायकली चोरीला गेल्यानंतर काय करावे हे सांगताना आम्हाला या एका मुद्द्याकडे वारंवार वळावे लागणार आहे.

[दृश्य: घरामागची शेड, दाराचा कडी-कोयंडा जवळून]

रस्त्यावर सायकल उभी करताना काळजीपूर्वक कुलूप लावणारा माणूस घरी पोहोचला की निर्धास्त होतो. जिन्याखाली, इमारतीच्या तळमजल्यावर, मागच्या अंगणात किंवा गॅरेजमध्ये सायकल नुसती टेकवून ठेवली जाते, कारण ती ‘आपल्या’ जागेत असते. चोराचा हिशेब नेमका उलटा असतो. रस्त्यावर येणारे-जाणारे पाहत असतात. बंद शेडच्या आत गेल्यावर मात्र त्याला कोणी पाहत नाही आणि हवा तेवढा वेळ मिळतो. अनेक दारांवर कुलूप भक्कम असते, पण ज्या कोयंड्याला ते लावलेले असते त्याचे स्क्रू बाहेरच्या बाजूने उघडे असतात, त्यामुळे कुलपाला हात न लावता साध्या पेचकसाने दार मोकळे करता येते. आत गेल्यावर पाने, कटर, करवत ही घरमालकाचीच अवजारे त्याच्या हाती पडतात. म्हणूनच घरातून चोरी होते तेव्हा बहुधा एकच सायकल जात नाही. कामावर जाण्याची, मुलाच्या शाळेची, अशा घरातल्या सगळ्या सायकली एकाच रात्रीत जातात आणि दुसऱ्या दिवसापासून साऱ्या घराचे वेळापत्रक कोलमडते. ज्याचे रोजचे काम सायकलीवर अवलंबून आहे, त्याच्या दृष्टीने हे नुकसान सायकलीच्या किमतीपेक्षा कितीतरी मोठे असते.

चोरी लक्षात आल्यावर पहिल्यांदा हात आवरावा. तुटलेले कुलूप, उचकटलेले दार, जमिनीवरचे चाकांचे ठसे यांना स्पर्श न करता सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. त्यानंतर शेजाऱ्यांना भेटून कोणाच्या कॅमेऱ्यात काही आले आहे का, हे त्याच दिवशी विचारावे, कारण बहुतेक कॅमेऱ्यांमधील जुने चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाऊन त्यावर नवे साठवले जाते. घराभोवतीच्या गल्ल्या, झुडपे, मोकळ्या जागा आणि इमारतींची मागची बाजू पायी फिरून पाहणेही वाया जात नाही. एखादी सायकल जवळच टाकून दिलेली किंवा नंतर घेऊन जाण्यासाठी लपवलेली आढळते.

मग तक्रार. एका सायकलीसाठी पोलिस काय करणार, या विचाराने असंख्य लोक तक्रार देतच नाहीत. त्याचा परिणाम दुहेरी होतो. त्या भागात किती चोऱ्या होतात हे यंत्रणेला कळत नाही, आणि उद्या ती सायकल एखाद्या छाप्यात सापडली, तरी ती चोरीची आहे असे म्हणायला कागदोपत्री आधार राहत नाही. तक्रारीत ‘काळी सायकल, चांगल्या स्थितीत’ एवढेच लिहिले असेल, तर अशा शेकडो सायकलींमधून ती वेगळी काढता येणार नाही. कंपनी, मॉडेल, आकार, रंग, बदललेले भाग, खरेदीची पावती, छायाचित्रे आणि फ्रेम नंबर, म्हणजे सायकलीच्या सांगाड्यावर कोरलेला ओळख क्रमांक, हे सर्व द्यावे. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवावा, कारण विमा कंपनीपासून जाहिरातींच्या संकेतस्थळापर्यंत प्रत्येक जण पुढे तोच मागतो. विमा असेल तर दार फोडल्याचा पुरावा आणि कुलपाच्या किल्ल्या मागितल्या जाऊ शकतात. म्हणून तुटलेले कुलूप टाकून देऊ नये.

[दृश्य: उलटी करून ठेवलेली सायकल, पॅडलच्या आसाखालील नळीवर कोरलेली अक्षरे]

फ्रेम नंबर बहुतेक सायकलींवर दोन पॅडलना जोडणारा आस ज्या नळीतून जातो, त्या नळीच्या खालच्या बाजूला कोरलेला असतो. काही सायकलींवर तो हँडलखालच्या उभ्या नळीवर, सीटखालच्या नळीवर किंवा मागच्या चाकाच्या आसाजवळ आढळतो. चिखल आणि वंगण पुसल्याशिवाय तो दिसतही नाही, आणि म्हणूनच तो पाहिलेली माणसे थोडी असतात. चिकटवलेल्या पट्टीवरचा मॉडेल क्रमांक म्हणजे फ्रेम नंबर, असा गैरसमजही होतो. नंबर उतरवून घेताना शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि आय, पाच आणि एस यांची गल्लत होते, त्यामुळे लिहून ठेवण्याबरोबरच त्याचे स्पष्ट छायाचित्र घेणे अधिक खात्रीचे. मोटारगाड्यांसाठी अमेरिकेत १९८१ पासून १७ अक्षर-अंकांचा प्रमाणित ओळख क्रमांक ठरलेला आहे. सायकलींसाठी जगभर चालणारी अशी एकच पद्धत नाही. प्रत्येक कंपनी आपल्या रीतीने क्रमांक देते आणि दोन कंपन्यांचे क्रमांक सारखे असू शकतात, म्हणून क्रमांकाबरोबर कंपनी आणि रंग यांचीही नोंद हवीच.

नंबर घासून काढला तर काय, हा प्रश्न रास्त आहे. घासलेला नंबर स्वतःच संशयाचे कारण ठरतो, पण तेवढ्याने मालकी सिद्ध होत नाही. तिथे सायकलीच्या वापराच्या खुणा उपयोगी पडतात. पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्यावरचा विशिष्ट ओरखडा, एका बाजूचे बदललेले पॅडल, सीटच्या शिवणीतली उसवण, या गोष्टी छायाचित्रात टिपलेल्या असतील तर त्या पुरावा होतात. सीटचा दांडा काढून त्या नळीत आपले नाव आणि दूरध्वनी क्रमांक लिहिलेला, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद ठेवण्याची जुनी युक्ती आजही आम्हाला फार मोलाची वाटते. तिला जवळजवळ खर्च नाही, आणि ती चोराच्या सहसा लक्षात येत नाही.

काही देशांनी ही ओळख व्यक्तीच्या स्मरणशक्तीवर सोडलेली नाही. जपानमध्ये १९९४ पासून सायकलीची नोंदणी मालकाला कायद्याने बंधनकारक आहे, आणि तिथले पोलिस रस्त्यात सायकलस्वाराला थांबवून नोंदणीचा क्रमांक ताडून पाहतात. नेदरलँड्समध्ये जुनी सायकल घेणाऱ्या कोणालाही तिचा फ्रेम नंबर चोरीच्या सायकलींच्या नोंदवहीत तपासता येतो. अमेरिकेत ‘बाइक इंडेक्स’ या ना-नफा संस्थेने २०१३ पासून विनामूल्य नोंदणी चालवली आहे. सक्तीची असो वा ऐच्छिक, अशी नोंद असली की रस्त्यात सायकल अडवणारा पोलिस किंवा ती विकत घेऊ पाहणारा ग्राहक थेट मालकापर्यंत पोहोचू शकतो.

चोरीची सायकल जाते कुठे? याचे एक उत्तर ॲम्स्टरडॅममध्ये मिळाले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि डेल्फ्ट येथील तंत्रज्ञान विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये १०० जुन्या सायकलींमध्ये माग काढणारी उपकरणे लपवून त्या शहरात ठेवल्या. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांपैकी ७० चोरीला गेल्या, आणि त्या ७० पैकी ६८ त्याच परिसरात फिरत राहिल्या. चोरलेल्या सायकली लगेच दूरदेशी रवाना होतात, या समजुतीला या अभ्यासाने धक्का दिला. प्रत्येक शहरात हेच प्रमाण असेल असे नाही, आणि महागड्या सायकली किंवा त्यांचे सुटे भाग दूरवर पाठवलेही जातात. तरी साध्या, रोजच्या वापराच्या सायकलीचा शोध आपल्याच शहरातून सुरू करायला हा भक्कम आधार आहे.

[दृश्य: मोबाइलच्या पडद्यावर जुन्या सायकलींच्या जाहिराती]

म्हणून जुन्या वस्तूंच्या जाहिराती आणि बाजार नियमितपणे पाहत राहावे लागते. चोर किंवा त्याच्याकडून घेणारा कंपनीचे नाव अनेकदा चुकीचे लिहितो किंवा लिहीतच नाही, त्यामुळे रंग, चाकाचा आकार, कॅरिअर अशा शब्दांनीही शोधावे. सायकल सुटी करून विकली जात असल्याची शक्यता ध्यानात ठेवून सीट किंवा चाके यांच्या जाहिरातीही पाहाव्यात. आपली सायकल दिसली की सर्वप्रथम त्या पानाची सर्व छायाचित्रे, विक्रेत्याचे नाव आणि वेळ जतन करून ठेवावी. जाहिरात क्षणात काढून टाकता येते.

यापुढचे पाऊल सर्वांत जपून टाकायचे आहे. रागाच्या भरात थेट विक्रेत्याच्या घरी जाणे, त्याला धमकावणे किंवा चालवून पाहण्याच्या निमित्ताने सायकल घेऊन निघून येणे, या गोष्टी ऐकायला शौर्याच्या वाटल्या तरी त्यांत जिवाला धोका असतो. समोरचा माणूस चोर आहे की फसलेला ग्राहक, हेही त्या वेळी ठाऊक नसते. मिळालेली माहिती तक्रारीच्या क्रमांकासह पोलिसांना द्यावी आणि पोलिसांच्या उपस्थितीतच भेट ठरवावी. त्यांच्याकडून प्रतिसाद यायला उशीर होतो, तेव्हा होणारी तगमग खरी असते. पाठपुरावा लेखी ठेवावा, वरिष्ठांकडे जावे, पण एकट्याने जाऊ नये.

हाच इशारा माग काढणाऱ्या उपकरणांनाही लागू आहे. ब्लूटूथवर चालणारे छोटे टॅग आसपासच्या इतरांच्या मोबाइलच्या मदतीने ठिकाण कळवतात, पण लोकांचा चोरून पाठलाग होऊ नये यासाठी त्यांत सूचना देण्याची सोय असते, त्यामुळे अनोळखी टॅग सोबत असल्याचे चोराच्या मोबाइललाही कळू शकते. सिमकार्डावर चालणारे उपकरण अधिक स्वतंत्र असते, मात्र त्याची बॅटरी सतत भरावी लागते. शिवाय पडद्यावरचा ठिपका इमारत दाखवतो, तिच्यातला दरवाजा दाखवत नाही.

दरम्यान घराकडे दुर्लक्ष होता कामा नये. ज्या घरात एकदा चोरी झाली, तिथे नजीकच्या काळात पुन्हा चोरी होण्याचा धोका वाढतो, हे गुन्हेशास्त्राच्या अभ्यासात अनेकदा दिसून आले आहे. वाट ठाऊक झालेली असते, आणि गेलेल्या सायकलींच्या जागी नव्या येणार हेही चोराला समजते. नवी सायकल आणण्याआधी कोयंड्याचे स्क्रू आतून जाणाऱ्या बोल्टने बदलावेत, जमिनीत किंवा भिंतीत लोखंडी कडी पक्की करावी आणि घराच्या आतही सायकल त्या कडीला जाड साखळीने किंवा यू-लॉकने (इंग्रजी यू आकाराच्या लोखंडी कुलपाने) बांधावी. पातळ केबलचे कुलूप हातातल्या कटरने काही क्षणांत तुटते. धातू कापणाऱ्या ग्राइंडरपुढे भक्कम कुलूपही कायमचे टिकत नाही, पण ग्राइंडरचा आवाज आणि लागणारा वेळ चोराला नको असतो.

सायकल सापडल्याचा निरोप आला, तर पावती, छायाचित्रे आणि तक्रारीची प्रत घेऊन जावे आणि फ्रेम नंबर तिथेच ताडून पाहावा. अनेक देशांच्या कायद्यांनुसार चोरीची वस्तू पैसे देऊन घेतली तरी ती घेणाऱ्याच्या मालकीची होत नाही, परंतु हा नियम सर्वत्र सारखा नाही, आणि वाद उभा राहिल्यास निर्णय न्यायालयाकडे जातो. घरी आणलेली सायकल लगेच चालवू नये. ब्रेक, चिमटा, चाकांचे नट आणि फ्रेमचे सांधे तपासून घ्यावेत, कारण मधल्या काळात तिचे भाग कोणी कसे बदलले हे सांगता येत नाही. शेवटी पोलिसांकडे आणि प्रत्येक नोंदवहीत सायकल परत मिळाल्याचे कळवून चोरीची नोंद रद्द करून घ्यावी आणि त्याची पोच जवळ ठेवावी. ती नोंद तशीच राहिली, तर पुढच्या तपासणीत स्वतःच्याच सायकलीवर बसलेल्या मालकाला अडवले जाऊ शकते.