फळी नसलेली रिंग: नाशिकमधल्या छोट्यांचं नेटबॉल

[दृश्य: सकाळचे सात. गंगापूर रोडवरच्या एका शाळेचं मातीचं मैदान. खुंट्या, सुतळी, फक्कीची बादली.]

नेटबॉल म्हणजे पास देत देत बॉल फळी नसलेल्या रिंगमध्ये टाकायचा, सात-सात जणांचा खेळ. त्याचं पूर्ण मैदान 30.5 मीटर लांब आणि 15.25 मीटर रुंद. बास्केटबॉलच्या कोर्टापेक्षा लांबीला अडीच मीटर जास्त. त्यामुळे शाळेत बास्केटबॉलचं कोर्ट आखलेलं असलं तरी त्याच रेघांवर भागत नाही, आणि दोन रंगांच्या रेघा एकमेकींवर आल्या की लहान मुलं हमखास गोंधळतात. शेजारच्या मातीवर फक्की मारलेली बरी. चार खुंट्या ठोकल्या की दोन्ही कर्ण मोजायचे. ते 34.10 मीटर भरले पाहिजेत. एक कमी आणि दुसरा जास्त आला, तर मैदान तिरकं झालंय. मधल्या वर्तुळाचा व्यास 90 सेंटिमीटर, म्हणजे सुतळी 45ची. घाईत 90ची सुतळी धरली जाते आणि वर्तुळ दुप्पट मोठं होतं. ही चूक नेहमीची.

मैदानाचे आडवे तीन सारखे भाग पडतात, प्रत्येक भाग सुमारे 10.17 मीटरचा. पाच ते सात वर्षांच्या मुलांना एवढं सगळं मैदान लागतच नाही. तीन भागांत तीन गट, एका गटात आठ-दहा मुलं, एक सर किंवा मॅडम, आणि दोन मुलांमागे एक बॉल. बॉल कमी पडले की रांगा लागतात, आणि रांगेतलं सहा वर्षांचं मूल दोन मिनिटांत बसून मातीत चित्रं काढायला लागतं.

[दृश्य: अंबडमधलं फॅब्रिकेशनचं दुकान. पाइपाला रिंग जोडली जातेय.]

पोस्ट, म्हणजे रिंगचा खांब, बनवून घेताना दुकानदार हटकून विचारतो, “बोर्ड कुठे लावायचा?” नेटबॉलला बोर्ड नसतो. नुसता खांब, आणि त्यापासून 15 सेंटिमीटर पुढे आलेली रिंग. रिंगचा आतला व्यास 38 सेंटिमीटर. बास्केटबॉलची रिंग 45ची असते. ती स्वस्तात मिळाली म्हणून लावू नये, मुलांचा अंदाज कायमचा चुकतो. मोठ्यांच्या खेळात रिंग 3.05 मीटर उंचीवर असते. छोट्यांसाठी ती 2.4 मीटरवर हवी. म्हणून पाइपात पाइप सरकणारा, पिनेने अडकवायचा खांब करून घ्यावा. बूड मैदानाच्या आत येऊ द्यायचं नाही, कारण धावत आलेलं मूल त्यालाच अडखळतं. वाऱ्याने खांब हलू नये म्हणून बुडावर वाळूची पोती. बॉल 4 नंबरचा. 5 नंबरचा बॉल छोट्या तळहातात मावत नाही, मग मुलं तो पोटाशी कवटाळून झेलतात.

[दृश्य: मुलं जोडीजोडीने पास देतायत.]

सराव पाऊण तासाचा. सुरुवात बॉलने नाही, नेलकटरने होते. नखं कापलेली, बांगड्या, कडं, गळ्यातली चेन काढलेली. हा खेळाचा नियमच आहे, कारण इथे बॉलसाठी हात हातावर येतात.

पहिले काही दिवस एकच अडचण येते. बॉल हातात आला की मूल टप्पे मारत सुटतं. बास्केटबॉल सगळ्यांनी पाहिलेलं असतं. नेटबॉलमध्ये बॉल घेऊन पळता येत नाही आणि टप्पे मारत पुढेही जाता येत नाही. झेलायचा, बघायचं, द्यायचा. मोठ्यांना त्यासाठी तीन सेकंद मिळतात. छोट्यांना पाच-सहा द्यावेत, आणि ते सरांनी मोठ्याने मोजावेत.

खरा घोळ पायांचा. झेलताना जो पाय आधी टेकला, तो उचलता येतो, पण पुन्हा टेकण्याआधी बॉल हातातून सुटला पाहिजे. हे सांगून कुणालाच कळत नाही. मूल धावत येतं, वेग मोडत नाही, दोन पावलं जास्त पडतात, शिट्टी वाजते, आणि शिट्टी का वाजली हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून आधी बॉलशिवाय सराव: धाव, उडी, दोन्ही पायांवर एकदम उतरणं, गुडघे वाकलेले. ते जमलं की हवेत बॉल द्यायचा. लंगडी खेळलेली मुलं तोल लवकर सावरतात, त्यांच्याकडे जास्त लक्ष द्यावं लागत नाही.

वयाच्या आठव्या वर्षानंतर सामने सुरू होतात, सात-सात जणांचे. छातीवर जागेच्या अक्षरांचं बिब: जीएस (गोल शूटर), जीए (गोल अटॅक), डब्ल्यूए (विंग अटॅक), सी (सेंटर), डब्ल्यूडी (विंग डिफेन्स), जीडी (गोल डिफेन्स), जीके (गोल कीपर). कोणी कुठल्या भागात जायचं ते अक्षरांवर ठरतं. गोल फक्त जीएस आणि जीए करू शकतात, तेही रिंगसमोरच्या 4.9 मीटर त्रिज्येच्या अर्धवर्तुळातूनच. सी सगळीकडे जातो, पण दोन्ही अर्धवर्तुळं त्याला बंद.

[दृश्य: वहीत पेनने आखलेला तक्ता.]

इथे बहुतेक वर्ग बिघडतात. उंच मूल दिसलं की त्याला जीएस करून रिंगखाली उभं केलं जातं. ते वर्षभर तिथेच राहतं, धावायला शिकत नाही. बुटकं मूल डब्ल्यूडीवर अडकतं आणि त्याला कधी शॉट मारायला मिळत नाही. उपाय म्हणजे फिरता तक्ता. सामन्याच्या चार डावांत सात जागा, म्हणजे 28 संधी. नऊ मुलं असतील तर आठ जण तीन-तीन डाव खेळतात, एक जण चार. दहा असतील तर आठ जण तीन, दोघं दोन. कुणाला कमी डाव आले ते लिहून ठेवायचं, पुढच्या सामन्यात भरपाई करायची. तक्ता सामन्याआधी लिहावा आणि संघ हरत असला तरी बदलू नये. पालक कठड्यावरून ओरडतात, “सर, तिला पुढे घ्या ना!” तेव्हा तो कागदच कामाला येतो.

बाहेर बसलेल्या मुलांनाही काम असतं. इंग्लंडमध्ये 9 ते 11 वर्षांच्या मुलांसाठी ‘हाय फाइव्ह’ नावाचा पाच-पाच जणांचा प्रकार होता, त्यात राखीव मुलं गुण आणि वेळ सांभाळायची. ती पद्धत उचलण्यासारखी आहे. सेंटर पास, म्हणजे मधल्या वर्तुळातून खेळ सुरू करणारा पास, कुणाचा, हेही त्यांनीच टिपायचं. गोल कुणीही केला तरी सेंटर पास आळीपाळीने जातो, त्यामुळे मागे पडलेल्या संघालाही बॉल मिळत राहतो.

[दृश्य: पाऊस. शाळेचा हॉल.]

जून ते सप्टेंबर मैदान चिखलाचं. हॉलमध्ये जायचं तर फरशी आधी कोरडी पुसून घ्यावी, कारण या खेळात थांबणं अचानक असतं. छताचे पंखे बंद, उंच पास बंद. शॉट टाळून टप्पा पास आणि छातीचा पास घ्यावा. जानेवारीच्या सकाळी गारठलेल्या बोटांवर बॉल लागतो, हवा किंचित कमी ठेवावी. एप्रिल-मे महिन्यांत साडेआठच्या आत सराव संपलाच पाहिजे.

अकरा-बारा वर्षांचं झाल्यावर रिंग वर न्यायची, पण 2.4 वरून थेट 3.05वर नाही. तसं केलं की मुलं पाठ मागे टाकून बॉल छातीवरून ढकलायला लागतात. आधी 2.7, शॉट डोक्यावरून सरळ सुटायला लागला की पुढे. सेकंद सहावरून तीनवर आणायचे ते वेगळ्या महिन्यात. दोन्ही एकदम बदललं तर नेम कशामुळे बिघडला ते कळायला मार्ग राहत नाही.