खिडकी, शीळ आणि चितळकर

(दृश्य: फिरती तबकडी, सुईची खरखर)

‘अलबेला’ या हिंदी चित्रपटाच्या गाण्यांत पुरुषाचा आवाज म्हणून नाव येतं चितळकर. संगीतकार म्हणून येतं सी. रामचंद्र. माणूस एकच. नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याला १९१८ साली जन्मलेले रामचंद्र नरहर चितळकर चाली बांधायचे एका नावानं आणि गायचे दुसऱ्या. मारामारीच्या स्वस्त चित्रपटांना संगीत द्यायचं असलं की तिसरं नाव निघायचं, अण्णासाहेब.

१९५१ सालचा ‘अलबेला’ बहुतेकांना ‘शोला जो भडके’मुळे आठवतो. आपण त्यातलंच दुसरं एक गाणं उघडून बघणार आहोत. ठसक्याला कमी, पण बांधणीला जास्त पक्कं. ‘शाम ढले खिडकी तले’. आवाज लता मंगेशकर आणि चितळकर यांचे, शब्द राजेंद्र कृष्ण यांचे, पडद्यावर गीता बाली आणि भगवान.

(दृश्य: खिडकीची चौकट. खाली रिकामी गल्ली)

प्रसंग एवढासाच. ती खिडकीत, तो खाली. ती सुनावते, संध्याकाळ झाली की खिडकीखाली येऊन शीळ घालतोस, ते बंद कर. तो म्हणतो, तू घडीघडी खिडकीत उभी राहून बाण मारतेस, ते बंद कर.

दोन्ही ओळी एकाच मापानं बेतल्यात. तिच्या ओळीत ‘ढले’ला ‘तले’ जुळतं, त्याच्या ओळीत ‘घडी’ला ‘खडी’. आणि दोघंही येऊन थांबतात ते ‘छोड दो’वरच. तिनं फेकलेला शब्द तो जसाच्या तसा उचलतो आणि तिच्याच पदरात टाकतो. कलगी-तुऱ्याच्या, म्हणजे शाहिरांच्या सवाल-जवाबाच्या फडात जवाब देणाऱ्यावर हेच बंधन असतं: चाल समोरच्याची, यमक समोरच्याचं, अर्थ तेवढा आपला. राजेंद्र कृष्ण एकेकाळी सिमल्याच्या नगरपालिकेत कारकुनी करणारे उर्दू वळणाचे कवी. त्यांनी हे गझलेच्या रदीफेतून, म्हणजे शेराच्या शेवटी परत परत येणाऱ्या शब्दांतून घेतलं असेल. चाल लावणाऱ्याच्या कानात मात्र फड असणारच.

पुढं तो कुरकुरतो की चार महिने मेहनत घेतलीय, कधीतरी रंग भरेल. ती म्हणते, जा, इथं तुझी डाळ शिजायची नाही. शीळ, खिडकी, गल्लीतल्या चकरा, डाळ. एवढ्या भांडवलावर अख्खं गाणं उभं आहे. छेडछाडीचं गाणं फसतं ते बहुतेक वेळा इथंच. कवीला मधेच चंद्र आठवतो, आणि मग दोघं एकमेकांशी बोलायचं सोडून श्रोत्यांना कविता ऐकवू लागतात.

अशा गाण्यात दोघांच्या मधे एखादी वस्तू लागते. सी. रामचंद्र आणि राजेंद्र कृष्ण याच जोडीनं दोन वर्षांपूर्वी, १९४९ च्या ‘पतंगा’त, टेलिफोन मधे ठेवला होता. नवरा रंगूनला, बायको डेहराडूनला. तिथं चितळकरांसोबत शमशाद बेगम होत्या. फोनच्या गाण्यात अंतर हजार मैलांचं होतं, इथं एका मजल्याचं आहे. पण तेवढा मजला हवाच. तो जिना चढून वर गेला की गाणं संपलं.

(दृश्य: हार्मोनियमच्या पट्ट्या जवळून. एक बोट काळ्या चारवर जाऊन थांबतं)

आता आवाजाकडं येऊ. द्वंद्वगीतातली पहिली अडचण पट्टीची, म्हणजे गाणं कोणत्या सुरापासून धरायचं त्याची. बाईचा आवाज जिथं खुलतो ती पट्टी धरली, की पुरुषाला तीच चाल एक तर खाली पुटपुटावी लागते, नाहीतर वर ओढून गावी लागते. पुटपुटला तर शब्द वाद्यांत बुडतात. ओढून गायला तर छेडणारा भांडल्यासारखा वाटतो. पट्टी खाली आणली तर बाईच्या आवाजातली चमक जाते. यावर उतारा एकच, चाल थोड्या सुरांत फिरवायची आणि लांब ताना-आलाप टाळायचे. ‘शाम ढले’ ऐकताना चितळकरांच्या ओळी बोलण्याच्या उंचीवरच राहतात. गल्लीतून वर बघत माणूस जितक्या आवाजात बोलेल, तितक्याच.

चितळकरांना दुसरा आवाज लावता येत नव्हता, असं नाही. १९५५ च्या ‘आझाद’मधलं ‘कितना हसीं है मौसम’ ऐकलं तर तलत महमूद गातायत असं वाटावं, इतका तो रेशमी आहे. तो आवाज इथं चालला नसता. खिडकीखालचा मुलगा तलतच्या आवाजात गायला लागला तर तो शहाणा आणि दुखावलेला वाटेल, आणि तिनं केलेली चेष्टा कठोर होईल. चितळकरांचा साधा, किंचित उनाड आवाज ती चेष्टा झेलतो. माझ्या मते या गाण्यातला सगळ्यात मोठा निर्णय चालीचा नाही. गायक म्हणून स्वतःला उभं करण्याचा आहे.

दुसरी अडचण श्वासाची. द्रुत ठेक्यात तिची ओळ संपते आणि लगेच त्याची सुरू होते. तिच्या ‘दो’चा सूर टिकलेला असतानाच त्यानं श्वास घेऊन ठेवायला हवा. अर्धी मात्रा उशीर झाला, तर ऐकणाऱ्याला वाटतं याला उत्तर सुचलं नाही. अर्धी मात्रा घाई झाली, तर तिचं म्हणणं याच्या कानावरच पडलं नाही. हजरजबाबीपणा म्हणून आपण ज्याला दाद देतो, तो निम्म्याहून जास्त तालाचा हिशेब असतो.

(दृश्य: ३५ मिलिमीटरची जुनी फिल्म, कडेला ध्वनीची नागमोडी पट्टी)

हा हिशेब चुकला तर काय व्हायचं, ते समजायला त्या काळचं ध्वनिमुद्रण बघावं लागतं. तेव्हा आवाज फिल्मवर उमटवायचे. सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे मिनिटाला ९० फूट फिल्म. तीन मिनिटांच्या गाण्याला एका टेकसाठी २७० फूट. दहा टेक झाले की २,७०० फूट संपली. आणि घेतलेला टेक तिथल्या तिथं ऐकायची सोय नाही, निगेटिव्ह आधी धुवून यायला हवी. आजच्यासारखं एक ओळ पुन्हा गाऊन जोडून टाकणंही नाही. गायक-गायिका आणि वाद्यवृंद एकाच वेळी, एकाच दमात. शेवटच्या कडव्यात ढोलकवाल्याची थाप निसटली, तर खिडकीपासून पुन्हा सुरुवात.

आवाज कमी-जास्त करायचा तो माणसं हलवून. ट्रम्पेट सगळ्यात मागं, भिंतीकडं. सॅक्सोफोन त्याच्या पुढं. गायक मायक्रोफोनशी. दोघं एकाच मायक्रोफोनवर असले की ज्याची ओळ असेल त्यानं थोडं पुढं झुकायचं, दुसऱ्यानं थोडं मागं सरायचं, तेही पावलांचा आवाज न करता. लताबाई तेव्हा जेमतेम एकविशी-बाविशीच्या. चितळकरांचं काम दुप्पट: गायकाच्या जागी उभं राहून कान वाद्यवृंदावर. खालच्या गल्लीतला तो बेफिकीर मुलगा गात असताना आतला संगीतकार मात्रा मोजत होता.

तीन मिनिटांचं बंधन तबकडीचं. दहा इंची, मिनिटाला ७८ फेरे घेणारी तबकडी एका बाजूला साधारण तेवढाच आवाज मावून घेते. त्यात मुखडा, कडवी आणि मधले वाद्यांचे तुकडे बसवायचे. म्हणून ते तुकडे इतके आटोपशीर असतात. त्यांत कुणी रमत नाही.

(दृश्य: ट्रम्पेट, बोंगो, मॅराकास. कागदावर पाच रेघांची स्वरलिपी)

ते तुकडे वाजवणाऱ्यांत गोव्याची मंडळी होती. चर्चला लागून असलेल्या शाळांत मेस्त्यांच्या, म्हणजे संगीतशिक्षकांच्या हाताखाली पाच रेघांची स्वरलिपी वाचायला शिकलेली, आणि रात्री मुंबईच्या हॉटेलांत नाचाचं संगीत वाजवणारी. त्यांच्यातले हळदोण्याचे अँटोनियो झेवियर वाझ, म्हणजे ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट, सी. रामचंद्रांचे सहायक होते. ‘अलबेला’च्याच ‘दीवाना परवाना’त ते आपल्या साथीदारांसह पडद्यावरही दिसतात.

विनायकबुवा पटवर्धनांकडं गाणं शिकलेल्या संगीतकाराची चाल या मंडळींच्या हाती आली की तिला स्वरसंगतीची (हार्मनीची) अंगं फुटायची. कोणत्या वाद्यानं कुठं बोलायचं, कुठं गप्प बसायचं, हे प्रत्येकाच्या कागदावर लिहिलेलं. छेडछाडीच्या गाण्यात गप्प बसणं महत्त्वाचं. गायिकेच्या ओळीवर ट्रम्पेट वाजला तर तो तिसरा माणूस होतो. त्यानं दोन ओळींच्या फटीतच डोकवायचं.

(दृश्य: भगवान यांची स्थिरचित्रं)

मग गाणं सेटवर जातं. निर्माता, दिग्दर्शक आणि नायक तिन्ही एकच: भगवान आबाजी पालव. गिरणी कामगाराचा मुलगा, मूकपटांपासून धंद्यात, स्वस्त स्टंटपट काढून चेंबूरला स्वतःचा स्टुडिओ उभा केलेला. सी. रामचंद्रांची आणि त्याची ओळख जुनी, ‘वनमोहिनी’सारख्या तमिळ चित्रपटांच्या काळापासूनची. ‘अलबेला’ आला तेव्हा वय ३८. ठेंगणा, रुंद, कुस्तीची आवड असलेल्या माणसाचा बांधा. शेजारी गीता बाली, तेव्हाची नावाजलेली नायिका आणि चेहऱ्यावर हसू खेळवण्यात कुणाला न हार जाणारी.

या जोडीला गाण्याचा साधा आवाज चपखल बसला. भगवान यांचं नृत्यही तसंच. पाय जमिनीपासून फार उचलायचे नाहीत, कोपरं दुमडलेली, पंजे छातीच्या उंचीवर, खांदे आणि कंबर ठेक्यावर, आणि मान अशी की बुवा, आपल्याला काय त्याचं. एवढं कुणालाही जमतं. जमतं म्हणूनच ते पसरलं, आणि पुढं अमिताभ बच्चन यांच्यापर्यंत पोचलं.

चित्रीकरणात अशी गाणी बिघडतात ती कात्रीनं. ओळ तिची म्हणून चेहरा तिचा, ओळ त्याची म्हणून चेहरा त्याचा, असं आलटून पालटून दाखवत गेलं की गाणं टेबल टेनिस होतं. छेडण्याची गंमत बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याच्या तोंडावर जास्त असते. गीता बाली स्वतःची ओळ नसताना काय करते, तेवढंच पाहण्यासाठी हे गाणं एकदा आवाज बंद करून बघावं.

(दृश्य: जुना व्हॉल्व्हचा रेडिओ, हिरवा दिवा)

‘अलबेला’ धो धो चालला, त्या वर्षीच्या सर्वांत चाललेल्या चित्रपटांत त्याची गणती होते. पुढच्याच वर्षी माहिती आणि नभोवाणी खात्यावर बा. वि. केसकर आले. तेही मराठी, पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे कट्टर अभिमानी. आकाशवाणीवरून चित्रपटगीतं हद्दपार होत गेली. गाण्यांतला उथळपणा आणि परदेशी वाद्यं, ही तक्रार होती. शीळ, बोंगो आणि ट्रम्पेट असलेल्या संगीतकाराला ती नेमकी लागू पडायची. श्रोत्यांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं, तिथं १९५२ च्या अखेरीस अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. आकाशवाणीला वाट बदलायला १९५७ चा ऑक्टोबर उजाडला, विविध भारती निघाली.

आज हे गाणं लावलं तर एक प्रश्न हमखास येतो. रोज गल्लीत चकरा, नको म्हटल्यावरही हटायचं नाही, हा तर पाठलाग. २०१३ पासून कायद्यानं तो गुन्हा आहे, आणि खऱ्या गल्लीत तो गुन्हाच असावा. गाण्यापुरतं बघायचं तर पारडं कुठं झुकतं ते मोजता येतं. तिच्या वाट्याला त्याच्याइतक्याच ओळी आहेत, पहिला शब्द तिचा आहे, आणि जास्त लागणारे टोमणेही तिचेच. त्याच काळातली कित्येक गाणी, जिथं नायिकेला फक्त लाजायचं काम असतं, या मापात नापास होतात.

त्याच मंडळींनी १९५३ मध्ये ‘झमेला’ काढला. भगवान, गीता बाली, सी. रामचंद्र, सगळे तेच. ‘अलबेला’ काही पुन्हा झाला नाही. भगवान यांचा बंगला गेला, मोटारी गेल्या, आणि मुक्काम दादरच्या चाळीत आला. तिथंच फेब्रुवारी २००२ मध्ये ते वारले. २०१६ साली त्यांच्यावर ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट निघाला, मंगेश देसाई भगवान झाले, विद्या बालन गीता बाली.

(दृश्य: दादर, विसर्जनाची गर्दी. बँडवाल्यांचे ट्रम्पेट)

दादरकर सांगतात, अनंत चतुर्दशीला मिरवणूक त्या चाळीपाशी आली की थांबायची. बँडवाले ‘अलबेला’ची गाणी धरायचे. म्हातारे भगवानदादा समोर आले की कोपरं दुमडायची, पंजे छातीपर्यंत यायचे, पाय फारसे उचलायचे नाहीत. गर्दी तसंच करायची. मग मिरवणूक पुढं सरकायची.