रविवारी ट्रेल, सोमवारी ऑफिस: ड्युअल-स्पोर्ट बाईकमध्ये काय बदलायचं, काय जपायचं

नमस्कार मंडळी. ड्युअल-स्पोर्ट बाईक, म्हणजे डांबर आणि माती दोन्हीवर चालणारी गाडी, दारात आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: आता हिला काय काय लावायचं? आज त्यावर बोलूया, पण प्रत्येक वस्तूला मी एकच कसोटी लावणार आहे. रविवारी चिखलाने माखून आलेली गाडी सोमवारी सकाळी पटकन सुरू होईल का, सरळ चालेल का आणि ब्रेक दाबल्यावर जागच्या जागी थांबेल का? या तिन्हीची उत्तरं बिघडवणारी वस्तू कितीही देखणी असली तरी माझ्या गाडीवर तिला जागा नाही.

ही ओढाताण जुनीच आहे. 1968 मध्ये यामाहाने डीटी-1 ही 250 सीसीची टू-स्ट्रोक गाडी आणली. दिवे, नंबरप्लेट सगळं असलेली, रस्त्यावर रीतसर चालणारी आणि तरीही मातीत मनापासून पळणारी. तेव्हापासून या जातीच्या प्रत्येक गाडीत दोन्हीकडचं थोडं थोडं सोडलेलं असतं. आपण जे बदलतो ते एका बाजूला देतं आणि दुसऱ्या बाजूचं काढून घेतं, म्हणून नेमकं काय जातंय हे आधी माहीत पाहिजे.

सुरुवात फुकटात होते. गाडी स्टँडवर घ्या, फुटपेगवर उभे राहा, गुडघे किंचित वाकवा आणि हात हँडलवर टाका. ब्रेक आणि क्लचच्या लिव्हरवर बोटं ठेवताना मनगट वर मोडतंय का? बहुतेक गाड्यांवर मोडतं, कारण लिव्हर बसून चालवणाऱ्यासाठी लावलेले असतात. ते थोडे खाली फिरवा. बसूनही चालेल आणि उभं राहूनही चालेल असा कोन नक्की सापडतो. गिअरच्या दांड्याचंही तसंच. ट्रेलच्या बुटाचं टोक जाड असतं, ते दांड्याखाली शिरत नसेल तर दांडा एक खाच वर घ्या. ऑफिसच्या बुटाला दोन दिवसांत त्याची सवय होते.

उंच माणसाला हँडल खाली वाटतं, म्हणून राइझर, म्हणजे हँडल उंच करणारे ठोकळे, लावतात. राइझर चांगलेच, पण ते लावल्यावर इंजिन न्यूट्रलमध्ये सुरू ठेवा आणि हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. फिरवताना इंजिनचा आवाज चढला, तर ॲक्सिलरेटरची वायर ताणली जातेय. ब्रेकचा होज आणि क्लचची वायरही याच वेळी बघून घ्या. ही तपासणी न करता गाडी रस्त्यावर काढू नका. वळताना आपोआप ॲक्सिलरेटर वाढणं म्हणजे थेट अपघाताला आमंत्रण आहे.

दुसरी गोष्ट, आपल्या मॉडेलचं दुखणं ओळखा. प्रत्येक गाडीचं काहीतरी ठरलेलं दुखणं असतं आणि ती चालवणाऱ्यांना ते माहीत असतं. कावासाकीच्या जुन्या केएलआर650 मध्ये बॅलन्सर चेनचा (इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या यंत्रणेच्या चेनचा) ताण धरणारा लिव्हर आणि त्याची स्प्रिंग, सुझुकीच्या डीआर650 मध्ये इंजिनच्या आत सैल होणारे न्यूट्रल स्विचचे स्क्रू, डीआर-झेड400 मध्ये कॅम चेनचा (व्हॉल्व्ह चालवणाऱ्या चेनचा) ताण धरणारा ऑटोमॅटिक टेन्शनर. या जागा बाहेरून दिसत नाहीत, त्यांचा फोटोही कुणी टाकत नाही, पण पहिला खर्च तिथेच झाला पाहिजे. तुमची गाडी यांतली नसेल, तर तेच मॉडेल बरीच वर्षं चालवणाऱ्या माणसाला विचारा: इंजिन उघडलंत तेव्हा काय निघालं?

मग संरक्षण. ट्रेलवर गाडी पडते. हळू पडते, पण पडते. वाऱ्यापासून हात झाकणारे नुसते प्लॅस्टिकचे हँडगार्ड पडताना कामाचे नाहीत. आत ॲल्युमिनियमची पट्टी असलेले आणि हँडलला दोन ठिकाणी धरलेले घ्या. शिवाय लिव्हरच्या क्लॅम्पचे स्क्रू इतकेच आवळा, की जोराचा धक्का बसला तर लिव्हर हँडलवर फिरेल. गच्च आवळलेला लिव्हर फिरत नाही, तो तुटतो.

इंजिनखाली बॅश प्लेट, म्हणजे दगडांचा मार झेलणारी धातूची पट्टी, हवीच. घेताना दोन गोष्टी बघा: ऑइलचा ड्रेन बोल्ट प्लेट न काढता उघडतो का, आणि साचलेला चिखल बाहेर जायला भोकं आहेत का. सायलेन्सरचा पाइप तिथून जवळच जातो. प्लेटमध्ये अडकलेलं वाळकं गवत पेट घेऊ शकतं, म्हणून माळरानातून आल्यावर खाली वाकून एकदा बघायचंच.

(कॅमेरा मागच्या चाकावर)

आता टायर. गाडीचा स्वभाव सगळ्यात जास्त बदलतो तो इथे, म्हणून इथे मी घाई करणार नाही. रस्ता आणि माती यांच्या प्रमाणावरून टायरला 80-20, 50-50 अशी नावं पडली आहेत. लोक मनातल्या गाडीसाठी टायर घेतात. तुम्ही आठवड्यातले पाच-सहा दिवस डांबरावर असाल, तर टायरही तो आठवडा बघून घ्या. मातीच्या टायरवरचे उंच गुटके (रबराचे उंचवटे) ओल्या डांबरावर ब्रेक दाबताना वाकतात, त्यामुळे थांबायला जास्त अंतर लागतं आणि वळणात गाडी डळमळते. शिवाय रस्त्यावर ते झपाट्याने झिजतात. मला स्वतःला एक जोडी पटते: पुढे जास्त गुटक्यांचा आणि मागे थोडा रस्त्याकडे झुकलेला टायर. मागचं चाक घसरलं तर बहुतेक वेळा सावरता येतं. पुढचं घसरलं की माणूस खाली. म्हणून मातीतली पकड आधी पुढे द्यायची.

हवेचा विचार टायरइतकाच महत्त्वाचा. रस्त्यावर कंपनीने सांगितलेलीच हवा ठेवा, ती साधारण 25 ते 30 पीएसआयच्या आसपास असते. ट्रेलवर 18 च्या आसपास उतरवली, की टायर पसरतो, दगडाला चिकटतो, हातांना धक्के कमी बसतात. पण ट्यूब असेल तर याला सीमा आहे. हवा फार कमी झाली की दगडावर आपटताना ट्यूब रिम आणि दगड यांच्यात चिमटली जाते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. दुसरा धोका असा की टायर रिमवर सरकतो आणि वॉल्व्ह मुळापासून फाटतो. 15 च्या खाली जायचं असेल तर टायरला रिमवर घट्ट धरणारा रिम लॉक बसवा. आणि आता आपली कसोटी: रिम लॉकचं वजन चाकाच्या एकाच बाजूला असतं, त्यामुळे हायवेवर गाडी थरथरते. समोरच्या बाजूला स्पोकवर बॅलन्सची वजनं लावली की हे बरंच कमी होतं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ट्रेल संपल्यावर हवा परत भरायला सोबत पंप ठेवा. कमी हवेवर हायवेने घरी येणं टायरला तापवतं आणि ते खरोखर धोकादायक आहे.

गिअरिंगबद्दल खूप जण विचारतात. समजा पुढच्या स्प्रॉकेटला (चेन फिरवणाऱ्या दातेरी चकतीला) 15 दात आणि मागच्याला 45, म्हणजे प्रमाण 3. पुढचं स्प्रॉकेट 14 चं केलं की ते होतं सुमारे 3.21. मागे 48 लावलं तर 3.2. म्हणजे पुढचा एक दात मागच्या तीन दातांच्या बरोबरीचा. पुढचं बदलणं स्वस्त आणि सोपं, म्हणून पहिला प्रयोग तिथेच करा. अवघड चढणीत क्लच कमी धरावा लागेल, ट्रॅफिकमध्येही गाडी हळू चालताना अडखळणार नाही. त्याच्या बदल्यात हायवेवर त्याच वेगाला इंजिन सात टक्के जास्त फिरेल. रोज लांबचा हायवे असेल तर याचा त्रास होतो, शहरातल्या शहरात फिरणं असेल तर फायदाच आहे. पुढचं स्प्रॉकेट फार लहान केलं, तर चेन जास्त वळते आणि स्विंगआर्मवरचं (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरचं) रबर लवकर खाते. म्हणून मी एका दातापलीकडे जात नाही.

सस्पेन्शनमध्ये पैसे घालण्याआधी टेप घेऊन या. मागचं चाक अधांतरी असताना ॲक्सलपासून वर मडगार्डवरच्या एका खुणेपर्यंत अंतर मोजा. मग गाडी नुसती जमिनीवर ठेवून मोजा. मग पूर्ण कपडे, बूट, रोजची बॅग घालून बसा आणि दुसऱ्याकडून मोजून घ्या. तुमच्या वजनाने एकूण खेळाच्या, म्हणजे चाक जितकं वरखाली जाऊ शकतं त्या अंतराच्या, साधारण एक तृतीयांश सस्पेन्शन दबलं पाहिजे. खेळ 250 मिलिमीटर असेल तर 80 च्या आसपास. प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, फिरवून तिथे आणा. मग गाडी एकटी असतानाचं माप पुन्हा घ्या. ती 30 ते 40 मिलिमीटर दबत असेल तर स्प्रिंग तुमच्या वजनाला योग्य आहे. जवळजवळ दबतच नसेल तर स्प्रिंग मऊ आहे आणि तुम्ही तिला प्रीलोडने नुसतं ताणून धरलंय. प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही, गाडीची उंची बदलते. हे समजलं की महागडा शॉकॲब्सॉर्बर घेण्याआधी नुसती स्प्रिंग बदलून भागतं का, हे तुमचं तुम्हालाच कळेल.

जास्तीच्या दिव्यांबद्दल थोडक्यात. लहान इंजिनाचा अल्टरनेटर मोजकीच वीज देतो. दिवे, फोनचं चार्जिंग, गरम ग्रिप्स सगळं एकदम लावलं आणि ट्रॅफिकमध्ये गाडी आयडलवर राहिली, की बॅटरी हळूहळू रिकामी होते. एलईडी घ्या, स्वतंत्र फ्यूज आणि रिले घाला, किल्ली बंद केल्यावर सगळं बंद होईल असं जोडा. मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरची मी शिफारस करणार नाही. त्यातून मिळणारी ताकद थोडी, पेट्रोल-हवेचं मिश्रण बिघडण्याची शक्यता जास्त, आणि आवाजामुळे लोक वैतागले की ट्रेल सगळ्यांसाठीच बंद होतात. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

आता देखभाल. ती रविवारी संध्याकाळी करायची, गाडी थंड होता होता.

पहिला एअर फिल्टर. धूळ इंजिनात गेली तर सिलिंडर आणि पिस्टनच्या रिंगा घासल्या जातात आणि त्यावर इंजिन उघडण्यावाचून इलाज राहत नाही. फोमचा फिल्टर फिल्टर-क्लीनरने, मग साबणाच्या पाण्याने धुवा. दाबून पाणी काढा, पिळू नका, पिळल्यावर जोड फाटतो. पेट्रोलमध्ये धुऊ नका, त्याने डिंक सुटतो. पूर्ण वाळला की फिल्टरचं तेल सगळीकडे सारखं लावा, कडेला ग्रीसचा पातळ थर द्या. कागदी फिल्टर असेल तर त्याला तेल अजिबात नको, तो बदलायचा. धुळीच्या प्रत्येक ट्रेलनंतर डबा उघडून बघायचाच, किलोमीटर मोजत बसायचं नाही.

मग चेन. मऊ ब्रश आणि चेन क्लीनर घेऊन चिखल काढा, वाळवा आणि चेन कोमट असतानाच आतल्या बाजूने ल्यूब मारा. रात्रभर ते चेनमधल्या रबरी रिंगांपर्यंत मुरतं आणि सोमवारी कपड्यांवर उडत नाही. ताण बघताना एक गोष्ट ध्यानात घ्या: लांब सस्पेन्शनच्या गाडीत चेन सगळ्यात जास्त ताणली जाते ती पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा बोल्ट आणि मागचा ॲक्सल एका रेषेत आल्यावर. स्टँडवर छान घट्ट वाटणारी चेन माणूस बसला की जास्त घट्ट होते आणि गिअरबॉक्सचं बेअरिंग खाते. म्हणून ढिलाई कंपनीच्या आकड्याइतकीच ठेवा, साध्या रोडबाईकपेक्षा ती जास्त दिसेल, दिसू द्या.

चाक फिरवत स्पोकवर पान्याने हलकेच टकटक करा. घट्ट स्पोक खणखणीत वाजतो, सैल स्पोक बद्द. एक सैल झाला की शेजारच्यांवर भार येतो. आवळायचा तो पाव फेऱ्याने, नंतर चाक सरळ फिरतंय का बघायचं. पाण्यातून गेला असाल तर चाकं हाताने हलवून बेअरिंग तपासा. गरम हब थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. प्रेशर वॉशरचा फवारा सीलवर मारणंही तितकंच वाईट. मागच्या लिंकेजचं (स्विंगआर्म आणि शॉकॲब्सॉर्बर जोडणाऱ्या सांध्यांचं) ग्रीस तर सगळ्यांच्या विस्मरणातली जागा आहे. नवी गाडी असली तरी एकदा ती उघडून ग्रीस भरा, कारखान्यातून ते बऱ्याचदा कमीच आलेलं असतं.

ऑफिसच्या फेऱ्यांनी इंजिनाला त्रास होत नाही असं वाटतं, पण छोट्या फेऱ्यांत इंजिन नीट तापतच नाही. ऑइलमध्ये ओल आणि पेट्रोलचा अंश साठत जातो. म्हणून छोट्या फेऱ्या आणि धूळ असा दुहेरी वापर असेल तर ऑइल कंपनीच्या मुदतीच्या आधी बदला. डब्यावर जासो एमए किंवा एमए2 लिहिलेलं असलं पाहिजे, नाहीतर ओला, म्हणजे इंजिन ऑइलमध्येच बुडालेला, क्लच घसरू शकतो. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, मात्र इंजिन पूर्ण थंड असतानाच तपासायचे. टॅपेट वाजत असतील तर किमान कळतं. घट्ट झालेले टॅपेट आवाज करत नाहीत, व्हॉल्व्ह जाळतात. ब्रेकचं तेल हवेतली ओल शोषतं, ते दोन वर्षांनी बदला.

शेवटी, पाण्यात गाडी बुडली तर. स्टार्टर दाबू नका. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढा, फिल्टरचा डबा रिकामा करा, मग प्लगच्या भोकापासून बाजूला राहून इंजिन फिरवा, पाणी बाहेर उडेल. ऑइल दुधाळ दिसलं तर इंजिन सुरू न करता ते आधी बदला. म्हणून पिशवीत प्लगचा पाना हवाच. सोबत टायर लिव्हर, पंप, चेनची जास्तीची कडी, फ्यूज, एक क्लच लिव्हर आणि 21 इंची पुढच्या चाकाची ट्यूब. अडीनडीला ती 18 इंची मागच्या चाकातही बसते आणि हळू चालवलं तर घरापर्यंत आणते, पण मागची पुढे बसत नाही.